रिक्त शतक आणि वत्सगुल्म : 'वन पीस'च्या चाहत्यांचे तर्क, लोकश्रुती आणि इतिहासातील पुराव्याची शिस्त

सारांश

'वन पीस' या जपानी समुद्री चाच्यांच्या चित्रमालिकेत एका प्राचीन राज्याचा आणि पुसून टाकलेल्या शंभर वर्षांच्या इतिहासाचा धागा आहे. या धाग्यावर जगभरच्या चाहत्यांनी असंख्य तर्क रचले असून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही त्यांचे मोठे आकर्षण आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या तर्कांची पद्धती तपासून तिची तुलना मराठी प्रदेशातील 'हरवलेल्या संस्कृती'विषयीच्या कल्पनांशी केली आहे. त्यानंतर हिंगोलीच्या शेजारचे वाशीम, म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म, येथील वाकाटक राजशाखेचा विस्मृत इतिहास ताम्रपट व शिलालेखांच्या आधारे कसा उजेडात आला, याचा आढावा घेतला आहे. चाहत्याचा तर्क आणि इतिहासकाराचे अनुमान यांतील सीमारेषा स्पष्ट करणे हा या निबंधाचा मुख्य हेतू आहे.

बीजसंज्ञा : वाकाटक, वत्सगुल्म, ताम्रपट, लोकश्रुती, अनुमान, पुरावा, वन पीस.

१. प्रस्तावना

इतिहासाच्या वर्गात अलीकडे एक नवा प्रश्न ऐकू येतो. 'सर, आपल्याही इतिहासात कोणी मुद्दाम पुसून टाकलेले शतक आहे का?' प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा 'वन पीस' असते. एईचिरो ओडा यांची ही चित्रकथा २२ जुलै १९९७ पासून जपानमधील 'वीकली शोनेन जंप' या साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. तिच्यावर आधारलेली ॲनिमे मालिका २० ऑक्टोबर १९९९ रोजी सुरू झाली आणि २०२३ मध्ये मानवी कलावंतांनी अभिनय केलेली मालिकाही आली. कथेचे शंभराहून अधिक खंड प्रसिद्ध झाले आहेत.

असा प्रश्न हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु तो विचारणारा विद्यार्थी नकळत इतिहासशास्त्राच्या गाभ्यालाच हात घालीत असतो. भूतकाळाविषयी काही माहीत नसणे याचा अर्थ काय? माहिती नष्ट झाली, कोणी नष्ट केली, की आपण ती अजून शोधलीच नाही? या तीन शक्यतांत फरक कसा करावयाचा? या प्रश्नांना उत्तर देण्याची जबाबदारी इतिहासाच्या अध्यापकाची आहे. ती त्याने टाळली तर उत्तर देणारे इतर अनेक जण तयारच असतात.

२. उद्दिष्टे आणि अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) 'वन पीस'मधील हरवलेल्या राज्याविषयी चाहते कोणत्या पद्धतीने तर्क करतात, हे पाहणे.
२) मराठी प्रदेशातील तत्सम कल्पनांची या पद्धतीशी तुलना करणे.
३) वत्सगुल्मच्या वाकाटकांच्या उदाहरणावरून इतिहासाची पुराव्याची शिस्त स्पष्ट करणे.

निबंधासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. वाकाटककालीन कोरीव लेखांचे प्रकाशित वाचन हा विवेचनाचा मुख्य आधार आहे. चित्रकथेचा विचार साहित्यकृती म्हणूनच केला असून तिच्यात ऐतिहासिक सत्य शोधण्याचा प्रयत्न केलेला नाही.

३. 'रिक्त शतक' आणि चाहत्यांची तर्कपद्धती

कथेनुसार, वर्तमानापूर्वी ९०० ते ८०० वर्षांच्या दरम्यानचे एक शतक इतिहासातून गायब आहे. त्यास येथे 'रिक्त शतक' म्हटले आहे. ते संपताच २० राजांनी एकत्र येऊन 'जागतिक सरकार' स्थापन केले आणि त्या शतकाचा अभ्यास करणे हा गुन्हा ठरविला. त्या काळाची हकीकत 'पोनेग्लिफ' नावाच्या, न फुटणाऱ्या दगडांवर प्राचीन लिपीत कोरलेली आहे. ओहारा नावाच्या बेटावरील विद्वानांनी ती लिपी वाचण्याचा प्रयत्न केला. त्या अपराधासाठी ते बेट त्याच्या ग्रंथालयासह जाळण्यात आले आणि निको रॉबिन नावाची एक मुलगी तेवढी वाचली. मोठेपणी ती चाच्यांच्या जहाजावरील पुरातत्त्ववेत्ती होते. लोकप्रिय कथेत लिपीवाचन करणारी स्त्री नायक-मंडळात असावी, ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने सुखावणारीच आहे.

या मांडणीवर चाहत्यांनी रचलेल्या तर्कांत काही समान विशेष दिसतात. पहिला विशेष असा की, कोणताही तपशील निरर्थक मानला जात नाही. भिंतीवरील चित्र, पात्राच्या नावातील एखादे अक्षर, बेटाचा आकार, सारे काही खूण ठरते. दुसरा विशेष म्हणजे साम्यावरून संबंध जोडणे. दोन ठिकाणी सूर्याचे चिन्ह आढळले की दोन्ही ठिकाणचे लोक एकाच कुळातले ठरतात. तिसरा, मौनाचा अर्थ कारस्थान असा लावणे. चौथा, एकाच किल्लीने सर्व कुलुपे उघडण्याचा आग्रह. आणि पाचवा, चुकलेले तर्क विसरून बरोबर आलेला तेवढाच लक्षात ठेवणे.

यांतील काही तर्क खरेही ठरतात. कथेतील बेटे म्हणजे बुडालेल्या भूमीची शिखरे असावीत, असा तर्क अनेकांनी दीर्घकाळ मांडला होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकरणांत वेगापंक या शास्त्रज्ञाच्या तोंडून लेखकाने सांगितले की, रिक्त शतकात समुद्राची पातळी २०० मीटरने वाढली होती. चाहत्यांना याचा आनंद झाला असल्यास तो योग्यच होता.

परंतु हा तर्क खरा का ठरला, याचा विचार केला पाहिजे. कथेला एक कर्ता आहे. खुणा त्याने हेतुपूर्वक पेरलेल्या आहेत, उत्तर त्याच्यापाशी आहे आणि योग्य वेळी तो ते सांगणार आहे. 'प्रत्येक तपशिलाला अर्थ असतो' हे गृहीतक अशा जगात रास्त असते. इतिहासाच्या क्षेत्रात असा कर्ता नाही. नांगराच्या फाळाला लागलेले खापर कोणी आपल्यासाठी ठेवलेले नसते. ते फुटले, टाकले गेले आणि योगायोगाने उरले, इतकेच. चाहत्याची पद्धत जशीच्या तशी इतिहासात आणली की फसगत होते, ती या ठिकाणी.

४. मराठी मनातील हरवलेली संस्कृती

ही फसगत केवळ तरुण पिढीची आहे, असे समजण्याचे कारण नाही. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील मंदिर धर्मराजाने वनवासात असताना बांधले, अशी श्रद्धा आहे. मंदिराची शैली मात्र देवगिरीच्या यादवांच्या काळाकडे स्पष्ट निर्देश करते. येथील नंदी मंदिराच्या मागील बाजूस आहे. संत नामदेवांना कीर्तनास मागे बसविले असता देवळाचे मुखच फिरले, ही कथा सर्वश्रुत आहे आणि नंदीची जागा हा तिचा 'पुरावा' म्हणून दाखविला जातो. येथे कथा आणि खूण एकमेकींना आधार देत उभ्या आहेत. या कथेचे भक्तिपरंपरेतील मोल मोठे आहे. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात असल्याने येथील समाजाची स्वतःविषयीची जाणीव तिच्यात साठलेली आहे. मात्र तेराव्या-चौदाव्या शतकातील सामाजिक दुराव्याची स्मृती म्हणून ती वाचणे वेगळे आणि वास्तुरचनेचा पुरावा म्हणून वाचणे वेगळे.

'हेमाडपंती' हा आपल्या नित्य वापरातील शब्दही एका लोकतर्काचाच अवशेष आहे. चुन्याविना रचलेले प्रत्येक दगडी देऊळ यादवांचा मंत्री हेमाद्री याने बांधले, ही समजूत त्यामागे आहे. अंबरनाथच्या मंदिरातील लेख शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. हेमाद्री त्यानंतर दोनशे वर्षांनी झाला. तरीही एकाच नावाने सर्व काही उलगडण्याची हौस इतकी प्रबळ असते की संज्ञा टिकून राहते.

वेरूळच्या कैलास लेण्याबाबत तर याहून धाडसी कल्पना प्रचलित आहेत. एवढे काम मानवी हातांनी होणे अशक्य, म्हणून ते एखाद्या लुप्त प्रगत संस्कृतीचे असले पाहिजे, असे सांगणाऱ्या चित्रफिती विद्यार्थी पाहतात. येथे एक लेख आपल्या मदतीस येतो. गुजरातच्या राष्ट्रकूट शाखेतील कर्क राजाच्या बडोदे ताम्रपटात, इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आरंभी, एलापूर येथे कृष्णराजाने उभारलेल्या शिवमंदिराचे वर्णन आले आहे. ते पाहून देवही विस्मित झाले आणि स्वतः शिल्पकारालाही आपण हे कसे केले याचे नवल वाटले, असा त्याचा आशय आहे. रा. गो. भांडारकर यांनी हे एलापूर म्हणजे वेरूळ असे दाखविले. म्हणजे कैलास पाहून थक्क होणारे आपण पहिले नाही. बाराशे वर्षांपूर्वीचा कवीही थक्क झाला होता. मात्र तो कर्त्या राजाचे नाव विसरला नव्हता.

विद्वानही या ओढीपासून मुक्त नव्हते. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात वेदांतील दीर्घ उषा, सहा महिन्यांचा दिवस इत्यादी उल्लेखांवरून वैदिक लोकांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचे प्रतिपादन केले. हिमयुगाने ती भूमी उजाड केली, असे त्यांचे मत होते. टिळकांचा व्यासंग प्रचंड होता आणि तत्कालीन भूशास्त्राचा आधार घेण्याची त्यांची तयारी आजही आदरणीय वाटते. तरीही पुढील पुरातत्त्वीय व भाषाशास्त्रीय संशोधनात तो सिद्धान्त टिकला नाही. काव्यातील प्रत्येक प्रतिमा ही भौगोलिक खूण आहे, असे मानून वाचन केल्याचा तो परिणाम होता. आपल्या सर्वांत कुशाग्र वाचकांपैकी एकाची ही गत झाली असेल, तर विद्यार्थ्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

५. वत्सगुल्म : खरोखर विसरले गेलेले राज्य

विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असे आहे की, होय, आपल्याच परिसरात एक राज्य विस्मृतीत गेले होते आणि लेखांचे वाचन करूनच ते परत मिळाले. हिंगोलीच्या उत्तरेस असलेले वाशीम हे त्या राज्याचे राजधानीचे नगर, वत्सगुल्म.

वाकाटकांचे नाव लोकस्मृतीतून पूर्णपणे गेले होते. त्यांच्याविषयी एकही कथा, ओवी किंवा देवळाची दंतकथा त्यांच्या नावाने सांगितली जात नव्हती. १८३६ साली जेम्स प्रिन्सेप यांनी शिवनी येथे सापडलेला ताम्रपट प्रसिद्ध केला, तेव्हा आधुनिक अभ्यासकांना हे नाव ठाऊक झाले. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातील झिजलेला लेख वाचावयास घेतला. पुराणांतील विंध्यशक्तीच्या उल्लेखामुळे वाकाटक हे यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फ्लीट यांनी एका नामसाम्यावरून वाकाटकांना कित्येक शतके पुढे, आठव्या शतकाच्या सुमारास नेऊन ठेवले. हे दोन्ही तर्क विद्वानांनी केलेले असून दोन्ही चुकले. त्यांची जात आपल्या चाहत्यांच्या तर्काहून फारशी निराळी नव्हती. एका ठिकाणी पुराणवचन आणि दुसऱ्या ठिकाणी नामसाम्य यांवर मोठी इमारत उभारली गेली होती.

फरक पडला तो पुढे काय घडले त्यामुळे. पुण्यात एका तांबटाच्या घराण्यात राहिलेला प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट १९१२ मध्ये का. बा. पाठक व का. ना. दीक्षित यांच्यामुळे उजेडात आला. प्रभावती ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि वाकाटक राजाची राणी असल्याचे त्यात स्पष्ट होते. एका पत्र्याने वाकाटकांचा काळ चौथ्या-पाचव्या शतकांत निश्चित केला. फ्लीट यांची कालगणना मागे पडली आणि तिचा कोणी हट्ट धरला नाही.

या संशोधनातून पुढे आलेले चित्र प्रामुख्याने नागपूर-रामटेक परिसरातील नंदिवर्धन शाखेचे होते. १९३९ मध्ये वाशीम येथील ताम्रपट उजेडात आला. य. खु. देशपांडे आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला. विंध्यशक्ती नावाच्या राजाने आपल्या कारकिर्दीच्या ३७व्या वर्षी वत्सगुल्म येथून दिलेले हे दानपत्र आहे. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात, तर प्रत्यक्ष दानाचा मजकूर प्राकृतात आहे. दात्याचा पिता सर्वसेन आणि आजा पहिला प्रवरसेन. या लहानशा वंशावळीने वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा स्थापित केली.

या शोधानंतर मिराशींनी अजिंठ्याचा तोच जुना लेख पुन्हा तपासला आणि पूर्वी चुकीची वाचली गेलेली नावे दुरुस्त केली. दगड तोच होता, अक्षरे तीच होती. तथापि दुसरीकडून मिळालेल्या स्वतंत्र साक्षीमुळे ती वाचता आली. या लेखात एक राजा वयाच्या आठव्या वर्षी गादीवर आल्याचे सांगितले आहे, पण त्याचे नाव असलेला भाग झिजून गेला आहे. हे नाव कोणी खरवडून काढलेले नाही. पावसाळी ओल आणि दीड हजार वर्षे यांचे ते काम आहे. 'वन पीस'मध्ये नाव पुसणारे सरकार असते. आपल्याकडे बहुतेक वेळा पाणी असते.

वत्सगुल्मचे नाव साहित्यात मात्र तग धरून होते. 'कामसूत्रा'त त्याचा उल्लेख आहे. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील याच नगरात लावला आहे. सर्वसेनाचे 'हरिविजय' हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही, परंतु नंतरच्या काव्यशास्त्रकारांनी त्याची दखल घेतल्यामुळे त्याच्या अस्तित्वाविषयी शंका उरत नाही. स्थानिक माहात्म्यग्रंथाने वत्स ऋषीशी नाते जोडून नगराचे नाव जपले. म्हणजे लोकश्रुतीने राजे विसरले, पण स्थळ सांभाळले. 'वन पीस'मध्ये नोलँड नावाचा एक प्रवासी सुवर्णनगरी पाहिल्याचे सांगतो आणि खोटारडा ठरवून मारला जातो. चार शतकांनी ते नगर खरे असल्याचे कळते. परंपरेकडे संशोधकाने कसे पाहावे, याचा बोध त्या कथेत आहे. तिचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारू नये आणि न तपासता फेकूनही देऊ नये.

वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथील शिलालेखाने याच शाखेचा आणखी एक दुवा दिला. देवसेन राजाच्या काळातील या लेखात शके ३८०, म्हणजे इ.स. ४५८, हे वर्ष दिले आहे आणि स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने 'सुदर्शन' नावाचे जलाशय बांधल्याची नोंद आहे. वाकाटकांचे अन्य लेख राजाच्या कारकिर्दीचे वर्ष सांगतात. शकवर्ष देणारा हा लेख त्यामुळे साऱ्या कालगणनेचा खुंटा ठरला. राजाच्या पराक्रमाची प्रशस्ती देऊ शकली नाही ते उत्तर एका तलावाच्या कोनशिलेने दिले.

६. अनुमानाची मर्यादा : दोन उदाहरणे

येथे एका मोहाची नोंद करणे आवश्यक आहे. वाशीम ताम्रपटात अथर्ववेदी ब्राह्मणांना दिलेले आकासपद्द हे गाव नांदीकटाच्या उत्तर मार्गातील असल्याचे म्हटले आहे. नांदीकट म्हणजे नांदेड, असे अभ्यासकांनी मानले आहे. आजचा हिंगोली जिल्हा वाशीम व नांदेड यांच्या मधोमध वसला आहे. तेव्हा 'हे गाव आपल्याच जिल्ह्यातले' असे जाहीर करून टाकावे, असे येथील कोणाही अध्यापकास वाटेल. प्रस्तुत लेखकासही वाटले. परंतु 'उत्तर मार्ग' या विभागाच्या सीमा ताम्रपटात दिलेल्या नाहीत. आजच्या एखाद्या गावाचे नाव ध्वनीने जवळ आले, तरी तेवढ्यावर ओळख पटत नाही. त्यासाठी त्या गावी समकालीन वस्तीचे अवशेष मिळाले पाहिजेत आणि ताम्रपटातील अन्य स्थळनिर्देशांशी त्यांचा मेळ बसला पाहिजे. तोपर्यंत एवढेच म्हणता येते की, या प्रदेशातील जमीन वत्सगुल्मच्या राजांच्या दानशासनाच्या कक्षेत असणे संभवनीय आहे. हे विधान जाहीर सभेत टाळ्या मिळविणारे नाही. इतिहासातील बरीच खरी विधाने अशीच असतात.

दुसरे उदाहरण या राज्याच्या अस्ताचे आहे. हरिषेण हा या शाखेचा शेवटचा प्रबळ राजा. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. हरिषेणानंतर हे राज्य लवकरच नामशेष झाले. ते कसे, याचे वर्णन करणारा समकालीन लेख उपलब्ध नाही. हे आपले खरेखुरे रिक्त पान आहे. ते भरण्यासाठी मिराशींनी दंडीच्या 'दशकुमारचरिता'तील विश्रुताच्या कथेकडे लक्ष वेधले. त्या कथेत विदर्भाच्या एका सद्गुणी राजानंतर त्याचा विलासी पुत्र गादीवर येतो, कपटी शेजारी त्याला फसवितो, मांडलिक फितूर होतात आणि राज्य बुडते. या कथेत वाकाटकांच्या अंताची स्मृती असावी, असे मिराशींनी सुचविले. अमेरिकन कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी तेच सूत्र पुढे नेऊन अजिंठ्याच्या अर्धवट राहिलेल्या लेण्यांशी त्याची सांगड घातली. त्यांच्या मते अजिंठ्याच्या दुसऱ्या कालखंडातील जवळजवळ सारे काम इ.स. ४६२ ते ४८० या अल्पकाळात झाले आणि हरिषेणाच्या आकस्मिक मृत्यूने ते थांबले.

ही मांडणी वाचताना क्षणभर वाटते की, चाहत्याचा तर्क तो हाच. कल्पित कथेतून राज्याचा अंत शोधला जात आहे आणि छिन्नीच्या खुणांतून वर्षे मोजली जात आहेत. मग फरक कोणता? माझ्या मते तो तीन बाबींत आहे. एक, स्पिंक यांनी आपला आधार उघडा ठेवला. कोणत्या लेण्यातील कोणता खांब, कोणते दार, कोणता अपुरा पुतळा, हे त्यांनी नोंदविले असल्याने कोणीही तेथे जाऊन तपासू शकतो. दोन, हा सिद्धान्त चुकीचा ठरू शकेल अशा प्रकारे मांडलेला आहे. उद्या निश्चित तारखेचा एखादा लेख मिळाला तर तो मोडेल. तीन, अनेक अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले, विशेषतः एवढ्या काटेकोर वर्षगणनेवर, आणि हे आक्षेप घेणारे कारस्थानात सामील आहेत असे कोणी म्हटले नाही. चाहत्याचा तर्क आणि इतिहासकाराचे अनुमान जन्मतः सारखेच असतात. परीक्षेस बसण्याच्या तयारीवरून ते वेगळे ओळखता येतात.

७. ओहारा आणि आपण

यावरून 'इतिहास कोणीच पुसत नाही' असा निष्कर्ष काढणेही भाबडेपणाचे होईल. ज्ञानाची केंद्रे हेतुतः उद्ध्वस्त केली गेल्याचा अनुभव जगाला आहे आणि महाराष्ट्रालाही आहे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला होऊन ग्रंथ, हस्तलिखिते व संग्रह यांची नासधूस झाली. ओहाराची आग पाहून हळहळणाऱ्या विद्यार्थ्यास हा दिवस सांगितला पाहिजे.

परंतु आपल्या परिसरात लेख नष्ट होण्याची नित्याची कारणे याहून साधी आहेत. ताम्रपट तांब्याच्या भावाने मोडीत जातो. वीरगळाला शेंदूर चढतो आणि त्याखाली कोरलेली ओळ बुजते. जीर्णोद्धाराच्या वेळी कोरीव शिळा उलटी करून पायरीला लावली जाते किंवा तिच्यावर तैलरंगाचे हात दिले जातात. यात कोणाचाही द्वेष नसतो, उलट पुष्कळदा भक्तीच असते. पोनेग्लिफ फोडता येत नाहीत. आपले दगड फुटतात.

दुसरी हानी वाचणाऱ्यांची आहे. ब्राह्मी वा देवनागरीपूर्व लिपी वाचू शकणारे अध्यापक आज मोजके आहेत. मोडीचे जाणकारही विरळ होत आहेत. कथेत निको रॉबिन ही प्राचीन लिपी वाचणारी जगातील जवळजवळ एकमेव व्यक्ती आहे आणि म्हणून सारे सरकार तिच्या मागावर असते. आपल्याकडे लिपी वाचण्यावर बंदी नाही, कोणी मागावर नाही, तरीही वाचक नाही. या स्थितीचा दोष कोणत्याही कारस्थानावर टाकता येणार नाही.

या दृष्टीने महाविद्यालयीन स्तरावर काही गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत. पदवीच्या प्रत्येक तुकडीने आपापल्या गावातील कोरीव शिळा, वीरगळ, सतीशिळा, बारवा व जुनी कागदपत्रे यांची छायाचित्रांसह नोंद करावी. नोंद करताना 'गावकरी काय सांगतात' आणि 'वस्तूवर काय दिसते' हे दोन रकाने कटाक्षाने वेगळे ठेवावेत. वरवर क्षुल्लक वाटणारी ही दोन रकान्यांची सवयच विद्यार्थ्याला लोकश्रुतीचा आदर आणि पुराव्याची शिस्त एकाच वेळी शिकवील. प्राथमिक ब्राह्मी व मोडी लिपीचे अल्पमुदतीचे वर्ग घेतल्यास त्यांना येणाऱ्यांत 'वन पीस'चे चाहते पुष्कळ असतील, असा माझा विश्वास आहे.

८. निष्कर्ष

१) 'वन पीस'च्या चाहत्यांची तर्कपद्धती कथेच्या जगात सुसंगत आहे, कारण तेथे खुणा पेरणारा कर्ता आहे. असा कर्ता नसलेल्या इतिहासात ती जशीच्या तशी लागू करता येत नाही.
२) हरवलेल्या श्रेष्ठ संस्कृतीची ओढ नवी नाही. औंढा नागनाथची कथा, 'हेमाडपंती' ही संज्ञा, कैलास लेण्याविषयीच्या कल्पना आणि टिळकांचा ध्रुवप्रदेशाचा सिद्धान्त यांत ती निरनिराळ्या पातळ्यांवर दिसते.
३) वत्सगुल्मच्या वाकाटकांचा इतिहास हे विस्मृतीतून परत मिळालेल्या राज्याचे वास्तव उदाहरण आहे. परस्परांपासून स्वतंत्र अशा लेखांच्या मेळातून आणि जुन्या चुका मान्य करीत गेल्याने तो उभा राहिला.
४) पुराव्याचा अभाव हा बहुतेक वेळा झीज, उपेक्षा आणि अज्ञान यांचा परिणाम असतो. हेतुपुरस्सर विध्वंस घडतो, पण तोही पुराव्यानेच सिद्ध करावा लागतो.

'आपल्याही इतिहासात पुसलेले शतक आहे का?' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर न पाठविता वाशीमला घेऊन जावे, असे सुचवावेसे वाटते. हिंगोलीहून ते दूर नाही. जेथून विंध्यशक्तीने दानपत्र दिले त्या नगरात उभे राहिल्यावर त्याला कळेल की, हरवलेले राज्य समुद्राच्या तळाशीच असते असे नाही. कधी ते शेजारच्या जिल्ह्यात असते आणि कोणीतरी अक्षरे शिकून येण्याची वाट पाहत असते.